गुलाबी दात

नवतपाचा चौथा दिवस. पारा सत्तेचाळीसवर,
आणि माझ्या गाडीत हीटर चालू.

बटण निळ्या टोकाला, पार टोकाला, तरी
जाळीतून येणारी हवा भट्टीवरची.
मेडिकल चौकापासून मानकापूरपर्यंत
काचा खाली करून आले, दुपट्टा तोंडाला बांधून,
बाहेरची लू त्यातल्या त्यात बरी म्हणत.

डॅशबोर्डच्या आत कुठेतरी
टक् टक् टक्.
थांबायचं. पुन्हा टक् टक्,
झोपेत दात खाणाऱ्या माणसासारखं.

"पूर्ण डॅशबोर्ड उतरवा लागते, मॅडम,"
शोरूममधला पोरगा म्हणाला,
"चौदा हजार. अन् पार्ट पुण्याहून येईल."
रज्जाकभाईंनी बोनेटही उघडलं नाही.
चहा पीत कान लावून ऐकलं फक्त:
"मोटर चांगली आहे. गरारीचा दात तुटला असंन.
दाताचं तर तुमचंच काम ना?"

हो, माझंच.
एकवीस वर्षं झाली, मी दात बनवते.
पाटीवर नाव डॉक्टरांचं,
कवळी माझ्या हातची.

रविवारी सहाला, ऊन गच्चीवरून उतरायच्या आत
बॅटरीची वायर काढली, ग्लव्ह बॉक्स रिकामा केला.
जुनं पीयूसी, कुणाच्यातरी लग्नातल्या अक्षता,
वितळून कागदाला चिकटलेली लिमलेटची गोळी.
मग डोकं सीटखाली, पाय दाराबाहेर,
उताणं पडून वर पाहिलं तर
काळी डबी, काडेपेटीहून जरा मोठी. तीन स्क्रू.

दोन निघाले. तिसरा
कुठल्याच मोठ्या माणसाचा हात पोचू नये
अशी शपथ घेऊन बसवलेला.
शेजारच्या रंगारींची मितू, इयत्ता पाचवी,
सायकल टेकवून बघत होती.
"मी काढून देऊ का?"
मनगट सुर्रकन आत गेलं.
"फिरून राहिला, मावशी!"
तिच्या आईनं गॅलरीतून विचारलं,
काय करून राहिल्या वो तुम्ही?
मितूनं आतूनच सांगितलं,
दात काढून राहिलो.

डबी उघडली. पांढरी चक्रं, ग्रीस वाळून चॉकलेटी,
आणि सगळ्यात मोठ्यावर
एक जागा रिकामी.
मोटर तिथवर यायची, चावायची, घसरायची,
पुन्हा यायची.
मला हे तोंड ओळखीचं वाटलं.

घरात पावडर होती ती गुलाबी, हिरड्यांची,
तीही बोरकर काकांच्या कवळीसाठी ठेवलेली.
चिमूटभर घेतली. वर थेंब थेंब लिक्विड,
तो नाकात चढणारा वास,
शेजारच्या दाताकडे बघत बघत आकार,
मग बारीक घासणं, फुंकर, पुन्हा घासणं.
माणसाला विचारता येतं, टोचतं का कुठे?
इथे बोटावर फिरवायचं आणि ऐकायचं.

फोन वाजला. "बाई, माह्ये दात?"
मंगळवारी, काका.
"उद्या संध्याकाळी पाहुणे येऊन राहिले ना पोरीकडे."
तिकडे पंख्याची घरघर, इकडे माझ्या बोटांवर
त्यांचा गुलाबी चुरा.
उद्या, म्हटलं. उद्या देते.

सगळं परत बसवलं, तिसरा स्क्रू सोडून.
मितू जेवायला गेली होती.
वायर जोडली. आत मोटर एकदा या टोकाला गेली,
एकदा त्या टोकाला,
नव्या दातांवरून जीभ फिरवून पाहावी, तशी.
टक् नाही.
मग हवा. आधी कोमट, मग धुळीचा वास, मग
मानेवरचा घाम गार झाला.

डिसेंबरात बटण लाल टोकाला न्यावं लागेल तेव्हा
हा दात टिकेल का, माहीत नाही.
हमी मी माणसांनाही तोंडीच देते.

सोमवारी कामठीला गेले. काका फाटकातच उभे.
बाहेर उभं राहवेना म्हणून
गाडीत बसवूनच कवळी घातली.
त्यांनी तोंड मिटलं, उघडलं,
जाळीसमोर तसंच उघडं ठेवलं थोडा वेळ.
"गार लागून राहिलं," म्हणाले,
आणि उतरायचं नाव घेईनात.